पेट्रोलचं आउटबोर्ड उतरवून बॅटरीचं चढवताना

कर्ली खाडीत माझी चौदा फुटी फायबरची होडी पहिल्यांदा बॅटरीवर निघाली, तेव्हा धक्क्यावर जाळं सांधत बसलेल्या तात्यांनी मान वर केली. "आवाजच नाय, मगे चलता कशार?" मी मोटर दाखवली. त्यांनी ती निरखून बघितली आणि पुढचा प्रश्न टाकला. तेव्हापासून मला भेटलेल्या जवळजवळ प्रत्येकाने तोच विचारलाय: "किती एचपीचा?"

पहिला प्रश्न झकास होता, दुसऱ्यात गोची आहे. पेट्रोलचं आठ एचपीचं इंजिन काढायचं म्हणजे विजेचंही आठ एचपीचंच शोधायचं, असं धरून माणूस दुकानात गेला की एक तर किंमत ऐकून परत येतो, नाही तर नको तेवढी मोठी मोटर घेऊन बसतो आणि तिला पुरेल अशी बॅटरी त्याला कधीच परवडत नाही. मी तिसऱ्याच वाटेने चुकलो, ते पुढे येईल. विचारायला हवं ते हे: आपण किती लांब जातो, आणि किती सावकाश गेलो तरी आपलं चालतं?

होडी १२ ते १६ फुटांची, आउटबोर्ड (होडीच्या मागे अडकवायचं इंजिन) ४ ते १० एचपीचं, आणि काम म्हणजे खाडीत, बॅकवॉटरला किंवा धरणाच्या पाण्यात हौसेने फिरणं, गरवायला जाणं, पक्षी बघणं, पाहुण्यांना संध्याकाळची एक फेरी मारून आणणं. एवढंच ज्यांचं आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. ४० एचपी लावून पाण्यावरून उडत जाणाऱ्यांनी आणि खाडीचं तोंड ओलांडून बाहेर समुद्रात जाणाऱ्यांनी अजून थांबावं. होडी पाण्यावर उचलली जाऊन सरपटायला लागण्यासाठी हलक्या सोळा फुटीलाही पंधरा-वीस किलोवॅट ताकद सतत लागते. तासभर तसं पळायचं तर पंधरा-वीस युनिट वीज हवी, म्हणजे दीडशे ते दोनशे किलोची बॅटरी. मग त्या बॅटरीचं वजन ओढायला आणखी ताकद. हे गणित हौशी माणसाच्या खिशात आज तरी बसत नाही.

आधी महिनाभर वही

जुनं इंजिन असतानाच महिनाभर वही ठेवा. दर फेरीला चार नोंदी करायच्या: किती किलोमीटर, किती वेळ, किती पेट्रोल, आणि पाणी चढत होतं की उतरत होतं. अंतर आणि वेग मोबाइलचं जीपीएस दाखवतं. पेट्रोलसाठी टाकी दर वेळी एकाच खुणेपर्यंत भरायची, किती घातलं ते लिहायचं.

माझ्या वहीने मला खाली मान घालायला लावली. मी चारचौघांत सांगायचो की वीस-पंचवीस किलोमीटर फिरतो. प्रत्यक्षात सहा किलोमीटर वर जायचं, दोन-तीन तास गळ टाकून बसायचं आणि सहा किलोमीटर परत. झाले बारा. वेग ताशी नऊ, पेट्रोल तीन लिटरच्या आसपास. इंजिन अख्ख्या दिवसात दीड ताससुद्धा चालत नव्हतं.

लिटरवरून युनिटवर यायला एक ठोकताळा आहे. लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते, पण लहान टू-स्ट्रोक इंजिनातून पंख्याच्या दांड्यापर्यंत पोचते ती एक ते दीड युनिट. बाकीची उष्णतेत आणि धुरात जाते. शिवाय जुन्या टू-स्ट्रोकमध्ये पाव भागापर्यंत पेट्रोल न जळताच तेलासकट एक्झॉस्टमधून बाहेर पडतं. होडीमागे पाण्यावर रंगीत साय पसरते ती त्याचीच. तेव्हा माझे तीन लिटर म्हणजे तीन ते साडेचार युनिट, तेही मी त्याच वेगाने गेलो तर.

वेगाची किंमत

सगळा विषय इथे आहे, म्हणून जरा थांबून वाचा.

सरपटत न जाणारी होडी पाणी बाजूला सारत चालते आणि चालताना स्वतःची एक लाट उठवते. वेग वाढला की ती लाट लांबत जाते. तिची लांबी होडीएवढी झाली की होडीची नाळ पुढच्या लाटेवर आणि मागचा भाग मागच्या लाटेवर, मधे खळगा. त्यापुढे कितीही जोर लावा, होडी स्वतःच्याच लाटेचा चढ चढत राहते. ही मर्यादा काढायचं सूत्र सोपं आहे. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि अडीचने गुणा. उत्तर येतं ताशी किलोमीटरमध्ये. माझ्या होडीची टेकलेली लांबी १३ फूट. वर्गमूळ ३.६, गुणिले अडीच, म्हणजे ताशी ९ किलोमीटर. मी इतकी वर्षं नेमका त्याच वेगाने, म्हणजे स्वतःच्या लाटेवर डोकं आपटत, जात होतो. आठ एचपीतले अर्धे घोडे लाट करण्यात खपत होते. पेट्रोलवर ते कळत नाही, कारण थ्रॉटल पिळला की आवाज वाढतो आणि आवाज वाढला की वेग वाढल्यासारखा वाटतो.

त्या मर्यादेच्या आतही लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. वेग दुप्पट तर ताकद आठपट. उलट वेग निम्मा केला तर ताकद एक अष्टमांश, आणि दुप्पट वेळ लागला तरी दर किलोमीटरची वीज चौथाईवर येते. तीन माणसं बसलेल्या माझ्या होडीचे शांत पाण्यातले ढोबळ आकडे असे:

ताशी साडेपाच किलोमीटरला ५०० वॅट.
ताशी सातला हजार-अकराशे वॅट.
ताशी नवाला ३,००० वॅट.

आता पाच युनिटची बॅटरी घ्या आणि तिच्यातली चारच वापरायची असं ठरवा. साडेपाचच्या वेगाने आठ तास, म्हणजे ४४ किलोमीटर. सातच्या वेगाने २६-२७. नवाच्या वेगाने एक तास वीस मिनिटांत १२. बॅटरी तीच, होडी तीच. ताशी दोन किलोमीटर कमी जायची तयारी असेल तर पल्ला दुपटीहून जास्त होतो. म्हणून म्हणतो, एचपी नंतर.

आणि एक फुकटचा पल्ला असतो, तो आधी घ्या. होडी उलटी करून तळ खरवडा. शेवाळ आणि चिकटलेले शिंपले यांनी जेवढी ताकद खाल्ली जाते तेवढी बॅटरी विकत घ्यायची म्हटली तर डोळे पांढरे होतील. होडीत वर्षानुवर्षं पडून असलेले दोर, फुटके डबे, जास्तीचा नांगर हेही काढा.

मोटर निवडणं

विजेचं आउटबोर्ड ही नवलाई नाही, उलट पेट्रोलचंच नंतर आलं. ग्युस्ताव त्रुवे या फ्रेंच कारागिराने १८८१ साली पॅरिसच्या सीन नदीत होडीच्या मागे अडकवायची, काढता-घालता येणारी विजेची मोटर चालवून दाखवली होती. बव्हेरियातल्या क्योनिगसे तलावावर प्रवासी बोटी १९०९ पासून विजेवर चालतात. नेमक्या त्याच वर्षी अमेरिकेत ओले एव्हिनरूडने आपलं पेट्रोलचं आउटबोर्ड बाजारात आणायला सुरुवात केली. मधल्या शंभर वर्षांत अडलं होतं ते बॅटरीच्या वजनावर.

बाजारात ढोबळ तीन पायऱ्या आहेत.

पहिली ट्रोलिंग मोटर. मिन कोटासारख्या कंपन्यांची, १२ व्होल्टवर चालणारी, ताकद पौंडात सांगितलेली. ५५ पौंडांची मोटर पूर्ण जोरात ५० अँपिअर खेचते, म्हणजे ६०० वॅट. शांत जलाशयात दोन माणसांच्या हलक्या होडीला ती पुरते. भरती-ओहोटीच्या खाडीत एकटी पुरत नाही, हे माझ्या शब्दावर मान्य करा.

दुसरी पायरी एक किलोवॅटच्या आसपासची, मोटरीवरच बॅटरी बसवलेली. टॉर्कीडोची ट्रॅव्हल, ई-प्रॉपल्शनची स्पिरिट, मर्क्युरीची ॲव्हेटर ७.५ई ही यातली नावं. बॅटरी एक युनिटच्या आसपास, काढून हातात धरून घरी नेता येते. बारा फुटी होडी, धरणाचं पाणी आणि चार-पाच किलोमीटरची चक्कर असेल तर आणखी काही बघूच नका.

तिसरी तीन ते सहा किलोवॅटची, ४८ व्होल्टची, वेगळी बॅटरी लागणारी. चौदा ते सोळा फुटीला आणि वाहत्या पाण्याला हीच. मी तीन किलोवॅटची घेतली. एरवी हजार वॅटवरच चालवतो. उरलेली ताकद पाणी समोरून आलं किंवा दुपारचे खारे वारे तोंडावर आले की कामी येते.

घोडे मोजायचेच असतील तर एवढं ध्यानात ठेवा की एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. पण जाहिरातीत 'अमुक एचपीच्या तोडीची' लिहिलेलं असतं ते बहुधा ढकलण्याच्या जोरावरून, वेगावरून नव्हे. विजेच्या मोटरीला मोठ्या व्यासाचा, सावकाश फिरणारा पंखा लावतात, त्यामुळे धक्क्यावरून निघताना ती आपल्या आकड्याच्या मानाने दांडगी वाटते. विकत घेताना कंपनीने सांगितलेले वॅट बॅटरीतून घेतलेले आहेत की दांड्यावर मिळणारे, ते विचारा. दोन्हींत बराच फरक असतो.

दांड्याची लांबी जुन्या इंजिनावरून ठरवा. ट्रान्सम (होडीच्या मागची, इंजिन अडकवायची उभी फळी) १५ इंचांचा असेल तर आखूड, २० इंचांचा असेल तर लांब. पंख्यावरची आडवी पट्टी तळाच्या दोन-तीन सेंटिमीटर खाली यायला हवी. वर राहिली तर पंखा हवा ओढतो. आणि मोटर उचलून तिरकी करण्याची सोय हाताशी येते का, हे दुकानातच करून बघा. ओहोटीला वाळूचा पट्टा अचानक समोर येतो, तेव्हा कुलपं शोधायला वेळ नसतो.

बॅटरी

सर्वाधिक पैसा इथे जातो, आणि सर्वाधिक थापाही इथेच ऐकायला मिळतात.

इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी वापरू नका. ही माझी तिसरी वाट होती: ५५ पौंडांची ट्रोलिंग मोटर आणि घरातली १५० अँपिअर-अवरची बॅटरी. पन्नासच्या पुढे किलो वजन, दोघांनी उचलून आणायची. तिच्यावरचे १५० मिळतात ते दहा-वीस तासांत सावकाश वीज घेतली तर. ५० अँपिअरने ओढली की त्यातले बरेच कमी होतात, आणि निम्म्याखाली उतरवत राहिलात तर वर्षा-दोन वर्षांत ती मरते. हाती उरतो तासाभराचा प्रवास. शिवाय होडी कलली की ॲसिड सांडतं, आणि त्यात खारं पाणी मिसळलं तर क्लोरीनचा विषारी वायू निघतो.

घ्यायची ती लिथियम आयर्न फॉस्फेट, बाजारातल्या भाषेत एलएफपी. स्कूटरमध्ये येणाऱ्या इतर काही लिथियम बॅटऱ्यांपेक्षा ती थोडी जड असते, पण तापून भडकण्याचा धोका तिला बराच कमी आणि आयुष्य जास्त. खाडीच्या मध्यभागी आपल्या बुडाखाली काय असावं, याबाबत मी वजनापेक्षा झोपेचा विचार करतो.

४८ व्होल्ट का, ते साध्या भागाकारात कळतं. ३,००० वॅट भागिले ४८ म्हणजे ६२ अँपिअर. तेच १२ व्होल्टवर २५० अँपिअर. एवढ्या प्रवाहाला मनगटाएवढी केबल लागेल. सोळा सेलच्या एलएफपीला ४८ म्हणत असले तरी तिचा खरा आकडा ५१.२ असतो. १०० अँपिअर-अवर घेतली तर पाच युनिट, वजन ४५ किलोच्या आसपास.

पण ४५ किलो धक्क्याच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवरून रोज कोण चढवणार? माझ्या धक्क्यावर वीज नाही, बहुतेक धक्क्यांवर नसते. म्हणून एका मोठ्या बॅटरीऐवजी ५० अँपिअर-अवरच्या दोन घेतल्या. एकेक बावीस-तेवीस किलोची, एका हातात धरता येते. दोन्ही समांतर जोडतो. जोडण्याआधी दोन्हींचे व्होल्ट सारखे आहेत ना, ते मल्टिमीटरने बघायचं. एक भरलेली आणि एक रिकामी अशी जोडली तर भरलेलीतून रिकामीत एकदम प्रवाह धावतो. दुसरा फायदा असा की एक बंद पडली तरी दुसरीवर अर्ध्या जोरात घरी येता येतं.

बॅटरी विकणाऱ्याला पहिला प्रश्न बीएमएसचा, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या आणि प्रवाह जास्त झाला की तो तोडणाऱ्या सर्किटचा, विचारा: सतत किती अँपिअर देईल? ई-रिक्षासाठी बनवलेले स्वस्त पॅक बघितले, त्यातल्या एकाची बीएमएस ५० अँपिअरला तुटणारी होती. ६२ अँपिअरची मोटर पूर्ण पिळली की ती फट्कन बंद, आणि हे होतं नेमकं गरजेच्या वेळी. मोटरीच्या कमाल प्रवाहाच्या सव्वा ते दीडपट क्षमता हवी.

दुसरी गोष्ट, व्होल्टमीटरवर भिस्त ठेवू नका. एलएफपीचे व्होल्ट भरल्यापासून जवळजवळ रिकामी होईपर्यंत सपाट राहतात आणि मग कड्यावरून पडल्यासारखे पडतात. शंट बसवलेला, आत-बाहेर गेलेले अँपिअर-अवर मोजणारा मीटर लावा. माझ्या मते मोटरीखालोखाल हीच वस्तू महत्त्वाची. मोटरीचाच डिस्प्ले वॅट आणि उरलेला पल्ला दाखवत असेल तर वेगळा मीटर नको.

वायर, फ्यूज आणि माझी फजिती

त्या पहिल्या जुगाडात मी घराच्या वायरिंगमधून उरलेली चार एमएमची वायर वापरली होती. होडीच्या पुढच्या भागात बॅटरी, मागे मोटर. जाऊन-येऊन आठ मीटर वायर. ५० अँपिअरला बारातले दोन व्होल्ट वायरच खात होती. थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाला बसवायचे धातूचे कान, मी पकडीने दाबले होते. परतीच्या वाटेवर ओहोटी लागली, मी पूर्ण जोर लावला, प्लास्टिक जळल्याचा वास आला आणि मोटर थांबली. थिंबल वितळून वायर सुटली होती. पाणी देवबागच्या संगमाकडे, म्हणजे सरळ समुद्राकडे ओढत होतं. नांगर टाकला, तो वाळूत धरला, म्हणून हा लेख लिहितोय. दोन तास तिथे बसून मी जे शिकलो ते असं.

४८ व्होल्ट आणि ६० अँपिअरसाठी चार मीटर अंतरापर्यंत सोळा एमएमची तांब्याची लवचीक केबल घ्या. हिशेब केला तर अर्धा-पाऊण व्होल्टच वाया जातो, सव्वा टक्का. कथिल चढवलेली मिळाली तर उत्तम. साधं तांबं खाऱ्या हवेत वर्षभरात आतून हिरवं होतं. थिंबल हायड्रॉलिक क्रिम्पिंगने दाबून घ्या. गाड्यांच्या बॅटऱ्यांचं काम करणाऱ्या इलेक्ट्रिशियनकडे ते यंत्र असतं. वर चिकट अस्तराची हीट-श्रिंक नळी.

फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हला, जमेल तितका जवळ, आणि डीसीसाठीच बनवलेला. घरातला एमसीबी इथे लावू नका. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून तिथली ठिणगी विझते; डीसीची ठिणगी जळतच राहते. समांतर जोडलेल्या प्रत्येक बॅटरीला स्वतःचा फ्यूज. त्यापुढे हाताने फिरवायचा मोठा स्विच, बसल्या जागेवरून हात पोचेल असा.

बॅटरी बंद झाकणाच्या डब्यात, तळापासून चार बोटं वर, पट्ट्याने घट्ट बांधलेली. होडीत पाणी साचतंच. डब्यावर आयपी ६७ लिहिलं असलं तरी त्याचा अर्थ मीटरभर पाण्यात अर्धा तास एवढाच, आणि तोही झाकण नीट लागलं असेल तर. डबा उन्हात ठेवू नका. एप्रिलच्या दुपारी आत हात भाजेल इतकं तापतं.

तोल आणि पहिली चाचणी

जुनं आठ एचपीचं इंजिन पंचवीस-तीस किलोंचं होतं आणि पेट्रोलची टाकीही मागेच. नवी मोटर त्याहून हलकी, म्हणून बॅटऱ्या मध्यापासून किंचित पुढे ठेवल्यावर होडी सपाट बसली. हे कागदावर ठरत नाही. नेहमीची माणसं बसवून धक्क्यालगत बघा, डबा एकेक वीत मागे-पुढे सरकवा. सपाट बसलेली होडी त्याच वॅटमध्ये जास्त वेग देते, मीटरवर ते लगेच दिसतं.

मग बिनवाऱ्याची सकाळ निवडा, मतलई पडलेली आणि खारे वारे सुरू न झालेले. पाणी भरतीच्या माथ्यावर थबकलेलं असताना एकाच सरळ पट्ट्यात जाऊन-येऊन, ३००, ५००, १,०००, १,५०० वॅटला वेग किती मिळतो ते लिहा आणि दोन्ही दिशांची सरासरी काढा. हा कागद लॅमिनेट करून होडीत चिकटवा. माझा आहे, आणि घरच्यांना तो माझ्यापेक्षा जास्त पाठ झालाय.

पहिले पाच-सहा प्रवास वल्ही घेऊन, धक्का नजरेत ठेवून. लाइफ जॅकेट अंगात आणि चुंबकाची किल (ओढली गेली की मोटर बंद करणारी दोरी) मनगटाला, हे सांगायला लागू नये. एक नवी सवय मात्र लावून घ्या: आपला आवाज येत नाही, हे समोरच्याला माहीत नसतं. वळणावर शिट्टी मारा. पाण्यात उतरून तिसऱ्या (शिंपले) काढणारी माणसं इंजिनाच्या आवाजाने सावध व्हायची, आता होत नाहीत.

भरती-ओहोटीचा हिशेब

धरणाच्या पाण्यात फिरणाऱ्यांनी हा भाग सोडला तरी चालेल. तुम्हाला वाऱ्याचीच काळजी, आणि तीही संध्याकाळी परतताना.

खाडीत समजा पाणी ताशी तीन किलोमीटरने ओढतंय आणि तुम्ही सहाने चाललाय. पाण्यासोबत सहा किलोमीटर चाळीस मिनिटांत, उलट दोन तासांत. एकाच अंतराला वीज तिप्पट. पेट्रोलवर आपण याकडे दुर्लक्ष करत होतो. बॅटरीवर घड्याळ भरतीच्या पाण्याला लावायचं. चढत्या पाण्यासोबत वर जायचं, माथ्यावर गरवायचं, उतरत्या पाण्यासोबत घरी. आमच्याकडचा जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, तेव्हा तीनच्या सुमारास. रोज पन्नास मिनिटांच्या आसपास पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जोराची, अष्टमीच्या भांगाला सौम्य. नव्या मोटरीची पहिली लांब फेरी भांगाच्या दिवशीच ठेवा.

उलट्या पाण्यात जावंच लागलं तर मध्यधार सोडून काठाने चला, तिथे ओढ कमी असते. आणि जाताना बॅटरीतला तिसरा हिस्सा संपला की मागे फिरायचं. तिसरा हिस्सा परतीला, तिसरा देवाला.

चार्जिंग आणि पावसाळा

४८ व्होल्ट, १५ अँपिअरचा एलएफपीचा चार्जर घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर चालतो, पाच युनिटला साधारण सहा-सात तास घेतो. रात्री लावायचा, गादी-कापडापासून लांब, आणि होडीतून आणलेली बॅटरी तापलेली असेल तर तासभर थंड होऊ द्यायची. लेड-ॲसिडचा चार्जर एलएफपीला लावू नका.

दोनशे वॅटचं सोलर पॅनल छतावर घातलं तर चांगल्या उन्हात दिवसाला पाऊण-एक युनिट मिळतं. आठवड्यातून एकदाच होडी काढणाऱ्याला तेवढ्यावर बॅटरी भरून मिळते. माझ्या होडीला छत नाही, सावलीसाठी छत्री आहे.

प्रत्येक फेरीनंतर मोटर गोड्या पाण्याने धुवा. पंख्यामागे गुंतलेली नायलॉनची तंगूस दर आठवड्याला काढा. ती सीलमध्ये शिरली की पाणी आत जातं आणि खर्च मोठा होतो. झिजण्यासाठी बसवलेला धातूचा तुकडा, म्हणजे ॲनोड, समुद्राच्या पाण्याला जस्ताचा, खाडीच्या मचूळ पाण्याला ॲल्युमिनियमचा, धरणाच्या गोड्या पाण्याला मॅग्नेशियमचा.

होडी पावसाळ्यात वर काढली की बॅटऱ्या पन्नास-साठ टक्क्यांवर ठेवून कोरड्या जागी, सगळ्या जोडण्या सोडवून. पूर्ण भरून ठेवू नका आणि रिकाम्याही नकोत. नारळी पौर्णिमेला भरायच्या.

कागद आणि पैसा

बॅटरीची होडी 'यंत्राची' नाही, असं मला एकाने ठासून सांगितलं होतं. ते खरं नाही. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे तीही यंत्राने चालणारीच. नोंदणी असेल तर इंजिनाचा बदल महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाच्या जवळच्या बंदर कार्यालयात जाऊन नोंदवून घ्या, विमा असेल तर तिथेही कळवा. धरणाच्या पाण्यात उतरायला जलसंपदा विभागाची परवानगी लागते. मोटर कुठलीही असो.

आता पैसा. पेट्रोलवर माझी फेरी तेल धरून तीनशे-साडेतीनशेची होती; विजेवर तीस-चाळीसची. फरक तीनशे धरू. मोटर, बॅटऱ्या, चार्जर, केबल मिळून जर तीन लाख लागले, तर हजार फेऱ्यांनी पैसे सुटतील. मी वर्षाला पन्नास फेऱ्या करतो. म्हणजे वीस वर्षं. पैसे वाचतील म्हणून बदलत असाल तर बदलू नका. रोज चार फेऱ्या मारणाऱ्या पर्यटन-होडीवाल्याचं गणित वेगळं आहे, त्याचा खर्च वर्षभरातच निघू शकतो. केरळात वैकमच्या 'आदित्य' या ७५ प्रवाशांच्या सौर फेरीबोटीने २०१७ पासून ते दाखवलं आहे. तिला २० किलोवॅटच्या दोन मोटरी पुरतात, कारण तिचे दोन तळ लांब आणि निमुळते आहेत आणि ती घाई करत नाही.

मला काय मिळालं म्हणाल तर, ओढून ओढून खांदा दुखवणारी ती दोरी गेली, कपड्यांचा वास गेला, आणि खंड्या आता होडी दहा हातांवर आली तरी खांबावरून उठत नाही. याची किंमत ज्याची त्याने लावायची.

जुनं इंजिन लगेच विकू नका. पहिला एक हंगाम ते पडवीत राहू द्या. कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल काढून, महिन्यातून एकदा गोड्या पाण्याच्या पिंपात पाच मिनिटं चालवून. लांब जायचं असलं, पाहुणे जास्त असले, किंवा नव्या मोटरीचा एखादा भाग येण्यात महिने गेले, तर ते लागतं. माझं मी दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर विकलं. घेणारा आला, इंजिन उचलून बघितलं, आणि पहिलाच प्रश्न: किती एचपीचं?